जुन्या .३१५ रायफलच्या नळीतला काळा थर निघत नाही, चिंदी तोंडाजवळ अडकते

खाडीकाठ:
वारसाहक्काने परवाना नावावर होऊन .३१५ ची रायफल घरी आली आहे. इशापूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याची, जुन्या लष्करी .३०३ रायफलच्या धर्तीवरची. बोल्ट (मागून नळी बंद करणारा सरकता दांडा) आणि मॅगझीन त्याच घडणीचे. परवाना शेतसंरक्षणाचा. घर राजापूर तालुक्यात, खाडीपासून हाकेच्या अंतरावर, आणि रायफल बरीच वर्षे रेग्झिनच्या कव्हरमध्ये माळ्यावर पडून होती.

बोल्ट काढून मागून टॉर्च मारला तर चर दिसतात, पण त्यांच्या कडा बुजल्यासारख्या आहेत. मधल्या भागात काळा, चिकट थर. तोंडाकडच्या चार-पाच इंचांत तांबूस ठिपके. पुलथ्रूला (नळीतून चिंदी ओढायच्या दोरीला) ४ × २ इंचाची चिंदी लावून ओढली की तोंडापासून वीतभर आधी ती घट्ट होते आणि जोर लावावा लागतो. रॉकेल झाले, शिवणयंत्राचे तेल झाले, चिंदी दर वेळी काळीच येते.

गावात कोणी म्हणते खोबरेल भरून आठवडाभर उभी ठेवा, कोणी म्हणते सळईला घासकागद गुंडाळून फिरवा. दोन्ही अजून केलेले नाही. क्रमाने काय करावे? आणि ही नळी वाचेल की बदलावी लागेल?

जुना_आर्मरर:
घासकागद अजिबात नको. चरांच्या मधले उंचवटे गोळीला पकडून फिरवतात. त्यांच्या कडा एकदा गोल झाल्या की कोणत्याही उपायाने परत येत नाहीत. मळ काढता येतो, गेलेले पोलाद भरता येत नाही. खोबरेलही नको. वनस्पती तेल हवेने घट्ट होत जाते, महिन्या-दोन महिन्यांत त्याचा राळेसारखा थर बसतो, आणि तुमच्या नळीत असला एक थर आधीच आहे.

आत काय साचले आहे ते आधी ओळखा, कारण प्रत्येक मळाचा उतारा वेगळा. चिंदी काळी आली तर जळलेल्या दारूचा कार्बन आणि सुकलेले तेल. निळसर हिरवी आली तर गोळीच्या कवचाचे तांबे. विटकरी आली तर गंज. चौथी गोष्ट चिंदीवर रंग सोडत नाही आणि कोकणात सगळ्यात जास्त नुकसान तीच करते, ती म्हणजे क्षार. जुन्या काडतुसांच्या टोपीत, म्हणजे ठोका बसल्यावर दारू पेटवणाऱ्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की त्याचे पोटॅशियम क्लोराइड होते, म्हणजे मिठाच्याच जातीचा क्षार, आणि ते नळीभर पसरते. हवेतली आर्द्रता साधारण ८४ टक्क्यांवर गेली की हा क्षार हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळतो आणि पोलादावर खाऱ्या पाण्याची पातळ साय धरतो. घाटावर कोरड्या हवेत तो महिनोन्‌महिने गप्प बसेल. आपल्याकडे जून ते सप्टेंबर त्याला दुसरे काही लागत नाही.

हा क्षार तेलात विरघळत नाही, रॉकेलातही नाही. त्यामुळे वरून कितीही तेल दिले तरी खाली गंज चालूच राहतो, आणि माणसाला वाटते मी तर नेमाने तेल देतोय. उतारा एकच, पाणी. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या ब्रिटिश फौजेतही नळीत उकळते पाणी ओतण्यासाठी खास पत्र्याचे नरसाळे दिलेले असे.

पद्धत अशी. मॅगझीन काढा, बोल्ट उघडून चेंबर, म्हणजे काडतूस बसते ती जागा, डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवा. बोल्ट पूर्ण मागे ओढा, त्याचे डोके वर फिरवून पट्टीतून सोडवा, मग बोल्ट बाहेर येतो. बोल्टवरचा क्रमांक रायफलच्या क्रमांकाशी जुळतो का ते आत्ताच पाहा. नरसाळ्याला रबरी नळी जोडून तिचे टोक चेंबरमध्ये घट्ट बसवा, तोंड खाली बादलीत. दोन लिटर उकळते पाणी सावकाश, न थांबता ओता. नळी हातात धरवणार नाही इतकी तापते, तेव्हा जाड फडके घ्या. तापलेले पोलाद स्वतःच सुकते, म्हणून पाणी कोमट नको. लगेच तीन-चार कोरड्या चिंद्या ओढा आणि पाच मिनिटांच्या आत तेलाची चिंदी फिरवा, नाहीतर तेवढ्यातही तांबूस झाक येते.

बोल्टचे डोके आणि चेंबरही विसरू नका. टोपीचा धूर तिथेही जातो. बोल्टचे डोके ओल्या फडक्याने पुसून सुकवा, तेल लावा.

पाणी दस्त्याच्या लाकडाखाली जाता कामा नये, म्हणून ती रबरी नळी. लाकूड खोलण्याच्या भानगडीत पडू नका. या घडणीत मागचा दस्ता धरणारा लांब बोल्ट चौकोनी टोकाने पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेला असतो. पुढचे लाकूड न काढता तो फिरवला की पुढचे लाकूड फुटते.

कातळसडा:
आर्मररकाकांचे सगळे मान्य, पण या रायफलच्या बाबतीत एक पायरी आधी हवी. त्यांनी सांगितलेला क्रम ताज्या बारानंतरचा आहे. इथे वर्षानुवर्षांचे सुकलेले तेल क्षारावर झाकण घालून बसले आहे. त्यावर पाणी ओतले तर ते वरूनच वाहून जाईल आणि क्षार खाली तसाच राहील.

म्हणून आधी टर्पेंटाईन. रंगाच्या दुकानात मिळते ते चालेल. चिंदी चांगली भिजवून ओढा, १५ मिनिटे थांबा, मग ८ मिमीचा फॉस्फर ब्राँझचा ब्रश मागून घालून तोंडातून पूर्ण बाहेर काढा. नळीच्या मध्येच ब्रशची दिशा उलटवू नका, तारा मुडपतात आणि ब्रश अडकतो. दहा फेऱ्या, मग कोरडी चिंदी. हे चक्र तीन-चारदा. चिंदी चिकट यायची थांबली की पाण्याकडे वळा. पहिल्या लिटरात भांडी घासायच्या द्रवाचे चार-पाच थेंब टाका, दुसरा लिटर साधा.

आता पाणी कोणते. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. ते उकळून ओतले तर क्षार धुवायला क्षारच घातला. घरगुती फिल्टरचे पाणी बरे. शेवटचा अर्धा लिटर बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी घ्या, पेट्रोल पंपावर मिळते.

तुमची चिंदी अडकते त्यावर: ४ × २ चे माप साफ, गुळगुळीत नळीसाठी आहे. थर असलेल्या नळीत सुरुवात ४ × १½ ने करा, जे माप एरवी तेल द्यायला वापरतात. जोर लावून ओढायची गरज पडली तर ती चिंदी मोठी आहे. अडकलीच तर पुलथ्रूच्या शेवटच्या फासाने मागच्या बाजूला ओढून काढायची, तो फास त्यासाठीच आहे. दोरी तुटून चिंदी आत राहिली तर तोंडातून टर्पेंटाईन सोडा, तासभर थांबा आणि पितळी सळईने आल्या वाटेने मागे ढकला. बार काढून उडवून लावू, असे कोणी सुचवले तर ऐकू नका. नळी फाटते.

खाडीकाठ:
टर्पेंटाईन, ब्रश, पाणी या क्रमाने केले. बराच काळा गाळ निघाला, चर आता स्वच्छ दिसतात. तोंडाकडच्या टप्प्यात मात्र चिंदीच्या कडेला निळसर रंग येतो आणि तिथेच अजून घट्ट लागते. तांब्यासाठीचे परदेशी द्रावण इथे सहज मिळत नाही. दुसरे काय वापरता येईल? आणि पुलथ्रू बरा की सळई?

नेमबाज_मालवण:
निळा रंग तांब्याचाच आहे का, ते आधी पक्के करा. ब्रश ब्राँझचा असेल किंवा चिंदी धरणारे टोक पितळी असेल तर द्रावण त्यांनाच खाते आणि चिंदी निळी येते. नळी साफ होऊनही माणूस दिवसभर घासत बसतो. तांब्याच्या कामाला नायलॉनचा ब्रश आणि प्लॅस्टिकचे किंवा पोलादी टोक वापरा. तरीही निळे आले तर तांबे आहे. या काडतुसाची गोळी २४४ ग्रेनची, चांगली वजनदार आहे. खरबरीत नळीतून जाताना ती तांबे सोडत जाते, आणि जिथे गंजाचे खड्डे आहेत तिथे जास्त. तुमच्या तोंडाकडच्या टप्प्यात खड्डे असणार असे धरून चला.

तयार द्रावण मिळाले तर तेच घ्या, बाटलीवरची वेळ पाळा. नाहीतर रसायनांच्या दुकानातला लिकर अमोनिया. तो साधारण २५ टक्क्यांचा असतो, तसा नळीत घालायचा नाही. एक भाग अमोनियात चार भाग डिस्टिल्ड पाणी, म्हणजे ५ टक्के. काम अंगणात, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून, चष्मा आणि हातमोजे घालून. जवळपास ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनवाला फिनेल नको. दोन्ही एकत्र आले तर विषारी वायू तयार होतो.

नायलॉनच्या ब्रशने नळी ओली करा, दहा मिनिटांत चिंदीने पुसून घ्या. अमोनिया नळीत वाळू द्यायचा नाही, वाळला तर पोलादावर डाग आणि बारीक खड्डे पडतात. तीन-चार वेळा करा, पण प्रत्येक वेळेनंतर एकदा टर्पेंटाईन आणि ब्राँझचा ब्रश फिरवा. जुन्या नळीत थर एकाआड एक असतात, कार्बनवर तांबे आणि तांब्यावर पुन्हा कार्बन. एकच द्रावण सतत लावले तर ते दुसऱ्या थरापाशी थबकते, आणि पुष्कळ लोक तिथेच कंटाळून सोडून देतात. शेवटी पुन्हा उकळते पाणी, कोरड्या चिंद्या, तेल. अमोनिया लाकडाच्या पॉलिशवर पडू देऊ नका.

इतके करूनही निघाले नाही तर नळी साफ करायची अतिशय बारीक पेस्ट मिळते. चिंदीवर वाटाण्याएवढी घ्या, घट्ट लागते त्या टप्प्यात वीस-पंचवीस फेऱ्या. ब्रासोही काम करते, पण त्यातही घासणारी पूड असते. वर्षानुवर्षांच्या थराला एकदा ठीक, दर साफसफाईला नाही.

पुलथ्रू की सळई, तर घरी सळई. पुलथ्रू प्रवासात बरा. दोरी तिरकी ओढली गेली की ती तोंडाच्या कडेला घासते, तिच्यात अडकलेली वाळू कानशीचे काम करते, आणि तोंडाची कड एका बाजूने झिजते. गोळी बाहेर पडताना शेवटचा स्पर्श त्या कडेला असतो, म्हणून तिथली झीज नेमाला सगळ्यात महाग पडते. आपल्या किनाऱ्यावर वाळू कुठे नसते! पुलथ्रू वापरायचा तर दोरी आधी धुवून वाळवा, आणि एकाने रायफल धरून दुसऱ्याने नळीच्या सरळ रेषेत ओढा. सळई अखंड हवी, ६ मिमीची पितळी, निदान ३६ इंच लांब, म्हणजे बोल्टच्या वाटेतून जाऊन तोंडाबाहेर येते. तुकडे जोडून होणारी अॅल्युमिनियमची सळई मऊ असते, तिच्यात कचरा रुततो आणि सांधे उंचवट्यांना खरवडतात.

ठासणीवाला_लांजा:
विषय निघाला आहे म्हणून ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायच्या, बंदुकीवाल्यांसाठी लिहितो. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत त्या अजून पुष्कळ घरी आहेत.

काळी दारू जळली की तिचा निम्म्याहून जास्त भाग घनरूप राख होऊन मागे राहतो, आणि त्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. ते पोटॅशियम क्लोराइडपेक्षाही हावरे आहे. ४३-४४ टक्के आर्द्रतेलाच पाणी ओढू लागते. म्हणजे कोकणात जानेवारीतली कोरडी दुपार सोडली तर त्याला बाराही महिने पावसाळा. वर आर्मररकाकांनी चार महिने सांगितले ते टोपीच्या क्षाराबद्दल खरे आहे, काळ्या दारूला ती सवलत नाही. बार काढला त्याच दिवशी धुवायची, दुसऱ्या दिवशी नव्हे.

बंदूक भरलेली नाही याची खात्री सळईने करा: सळई तोंडातून आत टाकून तोंडाशी तिच्यावर खूण करा, मग खूण तोंडाशी धरून ती नळीला बाहेरून लावून पाहा. सळईचे टोक तळापर्यंत पोचले पाहिजे. मग टोपी बसते तो निपल काढा, तोंडातून गरम पाणी आणि साबणाचे दोन थेंब, गजाला फडके बांधून पंपासारखे वर-खाली करा. निपलच्या भोकातून पाणी काळे येते आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत आणि वास जाईपर्यंत चालू ठेवा. शेवटी उकळते पाणी, कोरडे फडके, तेल. निपलच्या आट्यांना ग्रीसचे बोट लावा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यानंतर तो निघणार नाही. तळाचा पेच मात्र उघडू नका, त्याला हात लावणे कारागिराचे काम.

खाडीकाठ:
तांबे निघाले, चिंदी आता पांढरी येते, तोंडाजवळ करड्या रंगाचे बारीक खड्डे उरले आहेत. पण स्वच्छ झाल्यावर एक नवीन गोष्ट दिसली. तोंडापासून साधारण पाच इंचांवर आतून गोल फिरलेली एक काळसर रेघ आहे. सळईवर घट्ट चिंदी घेऊन ढकलली तर त्या जागी क्षणभर सैल लागते आणि पुढे पुन्हा घट्ट. आधी घट्ट लागत होते ते हेच का?

जुना_आर्मरर:
नाही, आधीचे घट्ट लागणे तांब्याचे होते. हे वेगळे आहे आणि जास्त महत्त्वाचे. आतून पूर्ण गोल रेघ आणि त्या जागी चिंदी सैल, याचा अर्थ नळी तिथे फुगली असण्याची दाट शक्यता. नळीत काही अडकलेले असताना बार निघाला की असे होते. चिखल, राहिलेली चिंदी, कमी जोराच्या काडतुसाची अर्ध्यात थांबलेली गोळी, कधी घट्ट ग्रीसचा गोळाही पुरतो.

बाहेरून तपासा. पाच इंच मागची जागा बहुधा लाकडाच्या आवरणाखाली किंवा ते लाकूड नळीला धरणाऱ्या पुढच्या कड्याजवळ येईल, तेव्हा बाहेर दिसले नाही म्हणजे फुगवटा नाही असे समजू नका. उघड्या भागावर पोलादी पट्टी उभी धरून उजेडासमोर फिरवा, फट दिसते का पाहा.

तोवर या रायफलीत काडतूस घालू नका. परवानाधारक बंदूक कारागिराकडे परवान्यासह घेऊन जा. तो माप घेऊन सांगेल. गावच्या लोहाराकडे किंवा लेथवाल्याकडे नेऊ नका, तो कितीही हुशार असला तरी. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो. आणि फुगलेला पाच इंचांचा तुकडा कापून टाकू, हा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. नळी आखूड करायलाही त्याच कायद्याच्या कलम ६ प्रमाणे परवाना लागतो. काम कापणाऱ्याचे, पण रायफलच्या परवान्याचा कागद तुमच्या नावाचा.

खड्ड्यांची काळजी करू नका. गंजाचे खड्डे पूर्ण जात नाहीत, घासून घालवायचेही नसतात. त्यांच्यात मळ लवकर साचतो, म्हणून अशी नळी दर वेळी जास्त निगुतीने धुवायची, एवढेच. चिंदीवर विटकरी रंग येत नाही म्हणजे गंज थांबला आहे. पुढचे तीन दिवस रोज एक कोरडी चिंदी ओढून पाहा. खड्ड्यांत राहिलेला क्षार दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोके वर काढतो. चिंदी तांबूस आली तर पुन्हा पाणी, पुन्हा तेल.

कातळसडा:
ठेवण्याबद्दल कोणी लिहिले नाही, आणि आपल्याकडे अर्धी लढाई तीच.

रेग्झिनचे किंवा चामड्याचे कव्हर फक्त नेण्या-आणण्यासाठी. आत अडकलेली दमट हवा बाहेर जात नाही, आणि कमावलेल्या चामड्यातले क्षार-आम्ल पोलादाला लागतात. कुलपाच्या लोखंडी कपाटात उभी, तोंड खाली ठेवा, म्हणजे जास्तीचे तेल मागे दस्त्याच्या लाकडात मुरत नाही. कपाटात अर्धा किलो सिलिका जेल कापडी पिशवीत. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येते. वीज टिकत असेल तर तळाशी १५ वॉटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब, कापडा-लाकडापासून फूटभर लांब. एलईडी लावून उपयोग नाही, ऊब येत नाही.

शिवणयंत्राचे तेल आठवड्या-पंधरवड्यापुरते. पावसाळ्यासाठी दाट काहीतरी हवे. गंजरोधक तेल मिळाले तर उत्तम, नाहीतर साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेली आणि मशीन ऑईल निम्मे-निम्मे, किंचित कोमट करून, चिंदीने पातळ फिरवायचे. जूनच्या आधी एकदा, मग दर पंधरा दिवसांनी पुसून पुन्हा. निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र जमा करावे लागले तर देण्याच्या आदल्या दिवशी हेच करा. परत कधी मिळेल ते आपल्या हातात नसते.

वापरायच्या आधी हा लेप चेंबरमधून आणि नळीतून पूर्ण पुसून कोरडी चिंदी ओढा आणि टॉर्चने आरपार पाहा. लाकडाला उकळलेले अळशीचे तेल तळहाताने चोळा, मात्र त्याची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. उन्हात पसरून वाळवा, मग टाका.

खाडीकाठ:
कड्याच्या मागे पट्टी धरल्यावर किंचित फट दिसते. रायफल कपाटात बंद केली आहे, परवाना घेऊन कारागिराकडे नेतो. त्याने माप घेतले की आकडे इथे टाकतो.